पालवणकर बंधू आणि कर्णधारपदाचा प्रश्न

डोंबिवलीजवळच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे गेल्या वर्षी क्रीडा विभागाच्या खोलीत जुन्या खेळाडूंच्या तसबिरी लावायचे ठरले. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीचा प्राध्यापक म्हणजे याद्या करायला मोकळा माणूस, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी पहिले नाव लिहिले ते बाळू पालवणकर यांचे. त्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "हे कोण?" आणि कल्याण पूर्वेकडून येणारा, चळवळीत काम करणारा एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "सर, बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवलेल्या माणसाची तसबीर आपण का लावायची?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या तासात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

पालवणकर हे कोकणातील पालवण गावचे चांभार कुटुंब. वडील लष्कराच्या चाकरीत. बाळूंचा जन्म १८७० नंतरच्या दशकाच्या मध्यास धारवाडला झाला आणि ते वाढले पुण्यात. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरी एका पारशी क्लबात होती. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि महिन्याला ३ रुपये घ्यायचे. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेथे पगार ४ रुपये झाला. रूळ फिरवणे, पट्ट्या आखणे, जाळी उभारणे आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकणे, असा दिवसभराचा व्यवहार.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामवंत फलंदाज रोज लवकर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केले की ते बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्यात दडलेला व्यवहार खरा आहे. जो समोरच्याला तासन् तास चेंडू टाकून त्याच्या चुका उघड करतो, त्याच्याकडून खेळ घडवून घेतो, त्याला आज आपण प्रशिक्षक म्हणतो. त्याला मान असतो, मानधन असते. बाळू ते काम करीत होते आणि त्यांचा हुद्दा मात्र मैदानावरच्या गड्याचा होता. एवढी वर्षे त्या क्लबात काढली, पण जाळीत उभे राहून बॅट हातात घेण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. बॅट ही साहेबाची वस्तू होती, चेंडू टाकणे ही मजुरी.

हा भेद केवळ आपल्याकडचा नव्हता. इंग्लंडमध्येही हौशी 'जंटलमन' आणि पैसे घेऊन खेळणारे 'प्लेअर' अशी विभागणी १९६२ पर्यंत टिकली. दोघांची कपडे बदलण्याची दालने वेगळी, मैदानात उतरण्याची दारे वेगळी. घाम गाळणारे गोलंदाज बहुधा दुसऱ्या वर्गातले आणि कर्णधार पहिल्या वर्गातला. आपल्याकडे या वर्गभेदावर जातीचा थर चढला इतकेच. आणि वर्ग बदलता येतो, जात बदलता येत नाही, हे वाचकांना मी सांगायला नको.

२०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर एका शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, जगभर नाव झाले, आम्हांलाही अभिमान वाटला. त्या खेळपट्टीवर रूळ कोणी फिरवला हे मात्र कोणी विचारले नाही. आपण अजूनही बॅटीकडेच पाहतो.

साहेबाला बाद करणारा हा डावखुरा मंदगती गोलंदाज पुण्याच्या हिंदूंच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. चांभाराला संघात घ्यावे की नाही यावर तेथे मतभेद झाले. बाळूंसारख्या गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेग यांनीच जाहीरपणे सांगितल्याचे म्हटले जाते. शेवटी बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलला, त्या चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र सगळे आत आणि बाळू बाहेर, मातीच्या बोळक्यात चहा पीत उभे. जेवणाचे पान वेगळे, बसण्याची जागा वेगळी. सातारच्या सामन्यात ७ बळी घेऊन त्यांनी विजय मिळवून दिला, तेव्हा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्ती रानड्यांनी काढल्याची नोंद आहे. सुधारकांचे उद्गार असेच असतात. वाक्य सुंदर, आणि बोळके तसेच.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईत आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने, तेथेही विरोध मोडून काढून, त्यांना संघात घेतले. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. ठाणे-कल्याणच्या रेल्वे वसाहतींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या तपशिलाचे महत्त्व कळेल. गावकीच्या बाहेर पगार देणारी आणि जातीपेक्षा हजेरीपट पाहणारी जागा म्हणून रेल्वे आणि लष्कर यांनी आपल्या कितीतरी घरांना पहिला श्वास दिला.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. पुढच्या वर्षी पुन्हा विजय. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयाचे श्रेय हिंदूंच्या उदारतेला दिले: चांभार बंधूंना संघात घेतले, बरोबर बसून खाऊपिऊ दिले, हे राष्ट्राच्या वाटचालीतले पाऊल आहे, असा त्याचा सूर. मला या सुरातली गंमत नेहमी बोचते. बळी बाळूंनी घेतले आणि कौतुक झाले ते त्यांना चेंडू देणाऱ्यांच्या मनाच्या मोठेपणाचे.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार मेजवान्यांत गुंतलेले आणि संघ हरत चाललेला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० गमावले, २ जिंकले. त्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. विजय मिळाले ते लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्यावर, आणि सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक काढले. परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचे नाव जोडले जाते: भीमराव आंबेडकर. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या प्रसंगाकडे आवर्जून लक्ष वेधले आहे. त्या काळी आपल्यातला कोणी असा नव्हता की ज्याचे नाव सवर्णांच्या तोंडी आदराने येत होते. बाळू तसे होते.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. असा गोलंदाज संघाचा कर्णधार का झाला नाही?

माझ्या मते पालवणकरांच्या चरित्राचा गाभा येथे आहे. संघात घेणे आणि संघाचे नेतृत्व देणे यांत फार अंतर आहे. चेंडू टाकायला सांगणारा कर्णधार असतो. क्षेत्ररक्षण तो लावतो, ब्राह्मणाला तू तेथे उभा राहा म्हणून तो सांगतो. आज्ञा कोणी द्यायची, हा वर्णव्यवस्थेचा कळीचा प्रश्न आहे, चहापेक्षा अवघड. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान बाळूंना मिळायला हवा होता. पै प्रामाणिक होते. पण निवड समिती ऐकत नव्हती, आणि अशी वर्षे गेली.

१९२० मध्ये ठिणगी पडली. बाळूंना आधी वगळण्यात आले. पै आजारी पडले तेव्हा अनुभवी पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना नेमण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निवेदन काढून आपण खेळणार नसल्याचे जाहीर केले. जातीमुळे झालेला हा अपमान आहे, ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. अस्पृश्य खेळाडूंनी संघटितपणे उचललेले हे पाऊल आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदवले गेले पाहिजे. महाडच्या सत्याग्रहापूर्वी ७ वर्षे झालेले हे एक छोटे असहकाराचे कृत्य आहे. परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा त्यांनी संघ चालवला. पंचविसेक वर्षांच्या सेवेनंतर पदरात पडलेले हे घटकाभराचे कर्णधारपद. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदू संघाचे पूर्ण कर्णधार झाले आणि चौरंगी सामने जिंकले. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. वेस्ट इंडीजला पूर्ण मालिकेसाठी काळा कर्णधार, फ्रँक वॉरेल, १९६० मध्ये मिळाला, त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांना वर्तमानपत्रातून मोहीम चालवावी लागली. त्या मानाने १९२३ ही तारीख लहान नव्हे.

थोरल्याने रूळ फिरवला, धाकट्याच्या हाती बॅट आली. आमच्या घरीही असेच झाले. मोठा भाऊ सोळाव्या वर्षी ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कामाला लागला म्हणून मी पदवीधर झालो. विठ्ठल फलंदाज म्हणून गाजले, त्यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त लिहिले. बाळूंनी लिहिले नाही. थोरले भाऊ सहसा लिहीत नाहीत.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. १९३२ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवला, तेव्हा बाळू एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

काँग्रेसला क्रिकेटपटू हवा होता, आणि महार नेत्यासमोर चांभार उमेदवार हवा होता, हे उघड आहे. आपल्यातील पोटजातींची भिंत त्यांनी नीट पाहून वापरली. पण बाळू केवळ वापरले गेले असे म्हणणे म्हणजे त्यांना बुद्धी नव्हती असे म्हणणे होय. मला ते पटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे स्वतःचे आयुष्य होते.

ते कोणत्या सामन्यांत मोठे झाले ते पाहा. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्म-वंशावर आधारलेले संघ. म्हणजे मैदानावर प्रत्येक समाजाचा स्वतंत्र मतदारसंघच. त्यात अस्पृश्य कोठे? हिंदूंच्या संघात. मोजताना हिंदू, चहाच्या वेळी बाहेर. १९३२ चा प्रश्न हाच होता. अस्पृश्यांना हिंदूंत मोजायचे की वेगळे? बाळूंनी आपला अनुभव असा वाचला की आत राहून, गुण दाखवून, प्रसंगी रुसून, शेवटी १९२३ येते. बाबासाहेबांनी असे पाहिले की संयुक्त संघात कर्णधार निवडणारे हात दुसऱ्याचे असतात, आणि ते आपल्यातला त्यांना सोयीचा माणूस निवडतात. पुणे कराराने राखीव जागा ७१ वरून १४८ केल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारांकडे ठेवली. त्याचे काय झाले ते बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. १९१३ ते १९२० ही बाळूंची वर्षे मला बाबासाहेबांच्या बाजूचा पुरावा वाटतात. सर्वांत चांगला गोलंदाज, विरोधकांनाही मान्य, खुद्द कर्णधाराची शिफारस, तरीही निवड नाही. साक्षीदार आपल्याच साक्षीचा अर्थ वेगळा लावून गेला, असे मी म्हणेन. पण साक्ष खोटी होत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या मैदानाकडेच्या पायऱ्यांवर बसून सांगितले. समोर आमचा मैदानावरचा माणूस रूळ ओढत होता. मुलाने सगळे ऐकून घेतले. त्याचे मत फारसे बदलले नाही. तो म्हणाला, "लावा तसबीर. पण खाली १७९ बळी लिहाल, तर ११,२२५ मतेही लिहा." मी तसा मजकूर करून दिला आहे. क्रीडा समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.