गाडी अजून लांब आहे!

आमच्या वस्तीच्या मागच्या अंगाने रेल्वेचे चार रूळ जातात. पलीकडे बाजार, पलीकडेच शाळा आणि दवाखाना. पूल आहे, पण तो वीस मिनिटांच्या वळशावर. त्यामुळे डोक्यावर पाटी आणि हाताला पोर घेऊन माणसे रूळच ओलांडतात. ओलांडण्याआधी प्रत्येकजण मान वळवून बघतो आणि म्हणतो, "गाडी अजून लांब आहे, चला!"

आमच्या शेजारच्या काकांनीही तसेच बघितले होते. ते दारू प्यालेले नव्हते, बहिरे नव्हते. उभी हयात गोदीत हमाली केलेला, नजर शाबूत असलेला माणूस. गाडी दिसलीच नाही, असेही नव्हे. सोबतच्या गड्याने सांगितले, की काकांनी गाडी बघितली, हाताने दाखवली आणि मग पाय टाकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या : 'निष्काळजीपणे रूळ ओलांडताना मृत्यू.' हा 'निष्काळजीपणे' शब्द आम्हाला तेव्हापासून सलत आहे. बघूनही माणूस फसतो कसा, हे आम्ही जाणून घ्यायचे ठरवले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डोळा मोजत नाही, मेंदू ताडतो

वाचकहो, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जे चित्र पडते ते सपाट असते, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे. त्यात लांब-जवळ काही नसते. ते मेंदूला खुणांवरून ताडावे लागते. पहिली खूण दोन डोळ्यांची. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते, म्हणून दोघांना किंचित वेगळे चित्र दिसते. अंगठा नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून बघा. अंगठा उडी मारल्यासारखा सरकतो. या फरकावरून मेंदू खोली काढतो, हे इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. घरच्या आयाबायांना हे वेगळे सांगायला नको. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेले की हात चुकतोच. मात्र वस्तू लांब गेली की दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखेच चित्र दिसू लागते. चारशे मीटरवरच्या गाडीसाठी ही खूण फारशी उपयोगाची नाही.

मग उरतो आकार. माणूस दहा फुटांवरून वीस फुटांवर गेला की पडद्यावरचे त्याचे चित्र निम्मे होते. तरी तो आपल्याला बुटका झालेला दिसत नाही. मेंदू मनाशीच हिशेब करतो, की चित्र लहान आहे पण माणूस लांब आहे, म्हणजे उंची तेवढीच. हा हिशेब सरावाने पक्का होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झ यांनी आपल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. पॉट्सडॅम गावात आईचा हात धरून जाताना त्यांना चर्चच्या उंच मनोऱ्यावर माणसे दिसली. ती बाहुल्या वाटून त्यांनी आईला सांगितले, हात वर करून मला काढून दे! हेच पोर पुढे दृष्टिशास्त्रातले मोठे नाव झाले. बघणे म्हणजे नकळत केलेला तर्क, असे त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले.

आता मुलांना जवळ बसवून एक प्रयोग करा. कागदावर खाली रुंद आणि वर चिंचोळ्या होत जाणाऱ्या दोन रेघा काढा, लांब जाणाऱ्या रुळांसारख्या. काडेपेटीतल्या दोन सारख्या काड्या घेऊन एक खाली आणि एक वर आडवी ठेवा. वरची काडी मोठी दिसेल. पट्टीने मोजा, सारख्याच भरतील. मोजल्यावर पुन्हा बघा, वरची तरीही मोठीच दिसेल! इटलीचे मानसशास्त्रज्ञ मारिओ पोंझो यांच्या नावाने हा भ्रम ओळखला जातो. त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण असे, की रेघा जवळ येताना बघून मेंदू वरची काडी लांबची समजतो, आणि लांब असूनही एवढी दिसते म्हणजे मोठीच असणार, असे ठरवतो. मेंदूचा हिशेब तोच, उघड्या रस्त्यावर रोज बरोबर येणारा. कागदावर मात्र तो फसतो. खरे काय ते कळल्यावरसुद्धा भ्रम जात नाही, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शहाणपण डोक्यात शिरते, डोळ्यात शिरत नाही.

चंद्राएवढी गाडी

लोकलचा डबा सुमारे साडेतीन मीटर रुंद असतो. चारशे मीटरवरून समोरून येणारी लोकल डोळ्याला साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढीच दिसते. ती ताशी ७२ किलोमीटरने येते आहे असे धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर. आपल्यापाशी पोचायला तिला २० सेकंद लागणार. पहिल्या १० सेकंदांत ती निम्मे अंतर तोडते, पण तिची रुंदी चंद्रावरून फक्त दोन चंद्रांएवढी होते. पुढच्या ५ सेकंदांत चार चंद्र. त्यापुढच्या अडीच सेकंदांत आठ. म्हणजे बराच वेळ गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते आणि मग एकदम अंगावर येते. तोवर आपण दुसऱ्या-तिसऱ्या रुळावर असतो.

बाजूने बघितले तर गाडी खांब मागे टाकताना दिसते आणि वेग कळतो. रुळावर उभे राहून समोरून बघताना ती डावीकडे सरकत नाही की उजवीकडे. नुसती फुगत जाते. रात्री तर तिची रुंदीही दिसत नाही, काळोखात एक दिवा तेवढा.

त्यात आणखी एक घोटाळा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ साली मांडले, की मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा संथ वाटते. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी बघितलेच असेल, मोठे विमान उतरताना तरंगल्यासारखे वाटते. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली पडद्यावर मोटार आणि रेल्वे येताना दाखवून लोकांची परीक्षा घेतली. लोकांना रेल्वेचा वेग मोटारीच्या मानाने कमी वाटला.

मुलांचे तर अधिकच कठीण. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ साली दाखवले, की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारे वाहन जवळ येते आहे हे खात्रीने ओळखता येत नाही. तेव्हा "नीट बघून जा रे" एवढे सांगून पोराला शाळेत धाडणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. पोर नीटच बघते. त्याची नजर अजून तयार झालेली नसते. त्याला वळसा पडला तरी पुलावरूनच न्यावे, आणि आपणही गाडी दिसली की थांबावे. लांब की जवळ, हे डोळ्याला विचारूच नये.

मुंबईत वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास मध्य रेल्वेच्या मदतीने एका सल्लागार संस्थेने एक साधा उपाय करून बघितला होता. रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळ्या रंगाने रंगवले. गाडी पुढे येते तसे पिवळे पट्टे तिच्याखाली एकेक गडप होतात, आणि समोर उभ्या माणसाला वेग दिसू लागतो. गाडीची शिटी एक लांब न वाजवता दोनदा तुटक वाजवायला सांगितली. तेथील अपघाती मृत्यू बरेच घटले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. लोकांना बेफिकीर म्हणून दटावण्याऐवजी त्यांचा डोळा कुठे फसतो ते शोधले, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. अर्थात रंग हा पुलाला पर्याय नव्हे.

आमच्या वस्तीने जवळ पूल मिळावा म्हणून अर्ज केला आहे. मजकूर बारावीतल्या एका मुलीने लिहिला. काकांच्या मृत्यूची हकीकत लिहिताना तिने सवयीने वर्तमानपत्रातलाच शब्द उतरवला होता, 'निष्काळजीपणे'. तो आम्ही खोडायला लावला आणि तिथे लिहिले, 'गाडी बघून'.