कॉर्सेट : कापडाला मिळालेला कणा

बोहेड देवमाशाला दात नसतात. त्याच्या वरच्या जबड्यातून शेकडो लवचीक पट्ट्या लोंबतात आणि त्यांतून पाणी गाळून तो पोट भरतो. आपल्या नखांत असते तेच केराटिन या पट्ट्यांत असते. त्या उभ्या चिरता येतात, वाफेवर मऊ होतात आणि गार झाल्या की दिलेला आकार धरून ठेवतात. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातल्या शिंप्यांनी कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळून धरणारे आतले वस्त्र, शिवताना हा गुण पुरेपूर वापरला. दोन कापडे जोडून शिवायची, शिवणींच्या मधल्या अरुंद जागेत पट्ट्या सरकवायच्या, की साधे कापडही स्वतःच्या बळावर ताठ उभे राहते. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातला हा प्राणी पॅरिस-लंडनच्या पोशाखांना आकार देत होता!

पुढची मोठी झेप धातूने घेतली. बंद ओवण्याची भोके पूर्वी दोऱ्याने विणलेली असत. जोर लावला की उसवत. 1820च्या दशकात भोकांत बसवायची धातूची कडी, म्हणजे आयलेट, आली आणि ती अडचण संपली. त्याहून महत्त्वाचा ठरला पुढचा बस्क, म्हणजे दोन पोलादी पट्ट्यांची जोडी. एकीवर गुंड्या, दुसरीवर त्यांत अडकणाऱ्या कड्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो रुळला आणि पाठीमागचे बंद सैल ठेवून बाईला कॉर्सेट स्वतःच घालता-काढता येऊ लागले. कॉर्सेटच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, असे मला वाटते.

त्या काळातल्या बायकांची कंबर सर्रास 18 इंच असे, ही समजूत मात्र सोडून द्यावी. कॉर्सेटवरचे माप पाठ पूर्ण बंद केल्यावरचे असे आणि घालताना मागे दोन-तीन इंचांची फट राहत असे. अर्थात, वर्षानुवर्षे फार आवळून बांधल्याने बरगड्यांचा आकार बदलतो, हेही तितकेच खरे.

आज कॉर्सेट निवडताना ते आधी उलटे करून पाहा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि बाजूला झिप असेल, तर ते केवळ दिसण्यापुरते. एखाद्या संध्याकाळसाठी उत्तम. रोज घालायचे असेल तर पोलाद हवे. बाजूच्या वळणांवर स्प्रिंगसारखी दोन्ही अंगांना वाकणारी पट्टी आणि आयलेटच्या शेजारी सपाट पट्टी. कमरेच्या रेषेवर आतून एक मजबूत फीत शिवलेली दिसली पाहिजे, कारण सगळा ताण तीच झेलते. स्वतःच्या कमरेपेक्षा दोन ते चार इंच कमी माप सुरुवातीला पुरते.

माप बरोबर आहे की नाही, हे मागची फट सांगते. ती वरपासून खालपर्यंत समांतर हवी. खाली फाकली तर नितंबांना जागा कमी आहे, वर फाकली तर बरगड्यांना. बंद ओढताना जोर कमरेपाशी सोडलेल्या दोन लांब फासांवर द्यावा. काढताना आधी बंद सैल करावेत आणि मगच बस्क उघडावा, नाहीतर गुंड्या निखळतात. आत पातळ सुती बनियन असावा. पहिले काही दिवस तास-दोन तासच घालावे.

ब्रिटिश डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांनी 1987 साली कॉर्सेट थेट बाहेरचा पोशाख म्हणून सादर केले आणि 1990च्या दौऱ्यात पॉप गायिका मॅडोनाने फ्रेंच डिझायनर झां पॉल गोतिये यांचे टोकदार कॉर्सेट घातले. अंतर्वस्त्र उजळ माथ्याने बाहेर आले. पांढऱ्या सुती शर्टवर घातलेले, छातीखालचे कॉर्सेट मला सर्वांत देखणे वाटते. आपल्याकडे लग्नसराईत साडीवर कॉर्सेट ब्लाउज दिसू लागले आहेत. त्यावर निऱ्या खोचताना परकराची नाडी ब्लाउजच्या सर्वांत अरुंद रेषेच्या बोटभर खाली बांधावी, म्हणजे कमरेवर दुहेरी जाडी येत नाही.

गरोदरपणात किंवा आम्लपित्त, श्वासाचा वा पाठीचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॉर्सेट बांधू नका. आणि दुकानात आरशासमोर उभे राहूनच पसंती देऊ नका. खुर्ची मागा, पाच मिनिटे बसा, खोल श्वास घ्या. खालची कड मांडीला टोचली किंवा श्वास छातीत अडकला, तर ते कितीही सुंदर असो, परत करा.