एका पत्तीत अनेक सूर : मोरचंग

लोखंडाची लहानशी चौकट आणि तिच्या मधोमध पोलादाची एक लवचीक पत्ती. बस्स, एवढेच हे वाद्य! तळहातावर सहज मावते. त्याला तारा नाहीत, बासरीसारखी छिद्रे नाहीत की पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. राजस्थानचे लंगा कलावंत त्याला मोरचंग म्हणतात. दक्षिणेत मृदंगम् आणि घटम् यांच्या जोडीने ते वाजते, तिथे त्याचे नाव मोरसिंग. आसामात बिहूच्या सणात वाजणारी बांबूची गोगोना याच कुळातली.

इंग्रजीत याला ‘ज्यूज हार्प’ म्हणतात. गंमत अशी की, ज्यू लोकांशी या वाद्याचे काही खास नाते असल्याचा पुरावा नाही आणि हे हार्पसारखे तंतुवाद्यही नाही! इतर भाषांतील नावे अधिक बोलकी आहेत. हिंदीतले एक नाव मुखचंग. जर्मन नावाचा अर्थ ‘तोंडाचा ढोल’, तर व्हिएतनामी नावाचा अर्थ ‘ओठांचे वाद्य’. या वाद्याचे रहस्य खरोखरच तोंडात आहे. ते कसे, पाहू या.

वाजवणारा चौकटीच्या दोन्ही दांड्या किंचित उघडलेल्या दातांवर टेकवतो आणि पत्तीचे वाकवलेले टोक बोटाने छेडतो. पत्ती दातांच्या फटीत मोकळेपणी हलली पाहिजे. दात मिटले तर ती दातांवरच आदळेल!

आता एक कोडे. पोलादी पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून दुसरे छेडा. पट्टी जितकी आखूड सोडावी तितका सूर चढतो. पण मोरचंगच्या पत्तीची लांबी बदलता येत नाही. मग तिच्यातून निरनिराळे सूर कसे निघतात?

समजा, पत्ती सेकंदाला १०० वेळा कंप पावते. दर कंपनाबरोबर तोंडातील हवेला झटका बसतो. अशा नियमित झटक्यांच्या आवाजात २००, ३००, ४००, ५०० अशा पटीतल्या कंपनांचे सूरही मिसळलेले असतात. वादक जीभ मागेपुढे नेऊन तोंडातील पोकळीचा आकार बदलतो. पोकळीची स्वतःची कंपनसंख्या यांपैकी ज्या सुराशी जुळते, तो सूर मोठा होऊन ऐकू येतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. म्हणजे पत्ती सगळे सूर एकदम पुरवते आणि तोंड त्यांतला एक निवडते.

१०० कंपनांच्या सुराला ‘सा’ मानले, तर ४०० हाही ‘सा’, ५०० हा ‘ग’, ६०० हा ‘प’ आणि ८०० हा वरचा ‘सा’. शुद्ध ‘म’साठी मात्र सुमारे ५३३ कंपने हवीत. ही संख्या १०० च्या पटीत नाही, म्हणून हा ‘म’ मोरचंगला गाता येत नाही!

वाद्य जवळ नसले तरी प्रयोग करता येईल. आवाज न काढता, केवळ कुजबुजत ‘ऊ’ म्हणा आणि मग ‘ई’ म्हणा. ‘ई’ अधिक उंच वाटेल. यात स्वरतंतूंचा कंप नाही. बदलली ती फक्त तोंडाची पोकळी. आपण बोलतो तेव्हाही हेच घडते. स्वरतंतू अनेक सुरांचे मिश्रण पुरवतात आणि जीभ-ओठ त्यातून ‘अ’, ‘इ’, ‘उ’ घडवतात. फरक इतकाच की, स्वरतंतू ताणून आपण मूळ सूरही बदलू शकतो, मोरचंगच्या पत्तीला ते जमत नाही.

पत्तीचा मूळ सूर उतरवायचा असेल तर वादक तिच्या टोकाला थोडे मेण लावतात. वजन वाढले की कंपने मंदावतात. असे मेण लावून १०० ची ९० कंपने झाली, तर वरचे ‘सा’, ‘ग’ आणि ‘प’ किती कंपनांचे होतील? गणित करून पाहा.