गरज विचारायची कोणत्या भाषेत?

गेल्या हिवाळ्यात कापसाची वेचणी उरकत आली तेव्हा आम्ही समितीची माणसे कागद घेऊन सौंसर तालुक्यातल्या एका गावात शिरलो. गावाला काय पाहिजे, कोणती सोय घरापर्यंत पोचते आणि कोणती वाटेत अडते, याची घरोघर नोंद करायची होती. फॉर्म आमच्याजवळ तयार होता. एका सरकारी नमुन्यावरून आम्हीच तो उतरवून घेतला होता, अर्थात हिंदीत. शिक्षकाची जात, छापील कागदावर तिचा विश्वास लवकर बसतो.

पहिल्याच घरी एक म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आमच्यातल्या एका तरुण गुरुजींनी वाचले, ‘‘क्या परिवार को स्वास्थ्य सेवा की आवश्यकता है?’’ म्हातारी म्हणाली, ‘‘नही जी.’’ ‘‘क्या पेंशन की आवश्यकता है?’’ ‘‘नही.’’ सगळे रकाने ‘नही’ने भरून आम्ही उठणार तेवढ्यात पाण्याचा तांब्या आला. पाणी पिता पिता आम्ही सहज विचारले, ‘‘आजी, मागच्या खेपेला दुखणं आलं तवा कुठं गेल्या होत्या?’’

‘‘कुठं जातो गा गुरुजी! नागपूरले नेलं पोरानं.’’ आणि मग तिने सगळे सांगितले. पाय सुजून काळा पडला होता. जीप केली, मुलाची मजुरी बुडाली, दोन शेळ्या होत्या त्यातली एक विकली. मालक जाऊन सहा वर्षे झाली. पेन्शन नाही, कारण एका कागदावर तिचे नाव एक आणि दुसऱ्या कागदावर दुसरे. ‘‘मंग आत्ता नाही काऊन म्हणाल्या?’’ असे विचारल्यावर ती हसली. ‘‘हिंदीत इचारनाऱ्याले ‘नही’ म्हनलं का तो लवकर जाते.’’

आमचा तो भरलेला कागद तसाच वर गेला असता, तर या घराला कशाचीही गरज नाही असे कायमचे नोंदले गेले असते. त्यात खोटे कोणीच बोलले नव्हते.

सौंसर हा सिल्लेवानी घाटाखालचा मुलूख. घाट उतरला की बोली बदलते, पीक बदलते, संत्रा आणि कापूस लागतो. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी भोपाळ झाली. सोयरीक, बाजार आणि मोठा दवाखाना मात्र नागपूरच्याच वाटेवर राहिला. म्हणून आमच्याकडच्या गरजा मोजताना नेहमीचे माप कमी पडते.

समाजाच्या गरजा कशा ओळखाव्यात याची एक सोपी मांडणी इंग्लंडच्या जोनाथन ब्रॅडशॉ या अभ्यासकाने १९७२ मध्ये केली. गरज चार प्रकारे दिसते, असे त्याचे म्हणणे. एक, तज्ज्ञांनी ठरवलेल्या मापाने. दुसरी, माणसाला आतून जाणवते ती. तिसरी, तो प्रत्यक्ष मागतो ती. चौथी, शेजारच्याशी तुलना केल्यावर दिसते ती. ही मांडणी आमच्या तालुक्यावर ठेवून पाहिली तर घोटाळा कुठे होतो ते कळते. सरकारी माप म्हणते, मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. इमारत उभी राहिली की या मापाने गरज भागली. मागणीचा पुरावा म्हणजे दवाखान्याचे रजिस्टर. पण आमची म्हातारी नागपूरला गेली, तिचे नाव इथल्या रजिस्टरात येणारच नाही. जितके जास्त लोक बाहेर जातील तितकी इथली गरज कागदावर कमी होत जाईल! तुलनेची गरज तर आमच्या घरोघरी बोलली जाते. सख्ख्या दोन बहिणी, एक सावनेरकडे दिलेली, एक इकडे. तिकडे ‘लाडकी बहीण’, इकडे ‘लाडली बहना’. पैसे कोणाला किती हा वेगळा वाद. पण तिकडची आपला अर्ज स्वतः वाचते आणि इकडची कोणाकडून तरी वाचून घेते.

राहिली जाणवलेली गरज. ती विचारल्याशिवाय कळत नाही, आणि इथेच भाषा आडवी येते. हिंदी तर सगळ्यांना समजते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. समजते, खरे आहे. सिनेमा समजतो, बाजारातला भाव समजतो. कचेरीची हिंदी वेगळी, आणि ती सर्वात जास्त फसवते ती आपल्याच शब्दांनी, कारण लिपी एक आणि शब्दही एक. नोटिशीत ‘आपत्ति’ मागवल्या म्हणजे हरकती मागवल्या. आमच्या एका शेतकऱ्याने तो शब्द वाचून गारपिटीने झडलेल्या संत्र्याचा अर्ज लिहून आणला. त्याच्या लेखी आपत्ती तीच होती. हरकतीची मुदत त्या धांदलीत निघून गेली. कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे आपसांत तडजोड, आणि मराठी माणूस समजतो की आपण काहीतरी सोडून देतो आहोत. विधवेसाठी सरकारी कागदावर ‘कल्याणी’ असा शब्द आला. हेतू चांगलाच असणार, पण आमच्या बाया तो मुलीच्या नावासारखा ऐकतात. एकीने आम्हाला विचारले, ‘‘हे कल्याणी कोन व्हय, जिले पैसे भेटते?’’ पलीकडचा सातबारा इकडे खसरा-खतौनी होतो, फेरफाराचे नामांतरण होते. आमच्या खात्याच्या नावाविषयी तर बोलायलाच नको. ‘शिक्षा विभाग’ या पाटीवर मुलांनी केलेले विनोद आम्ही नोकरीभर ऐकत आलो आहोत. असो.

काही गरजा अशा की त्यांना फॉर्ममध्ये रकानाच नसतो. रोटीबेटीचा व्यवहार सरहद्दीपार चालतो. वरूड, नरखेड, काटोलच्या मुली आमच्याकडे सुना होऊन येतात. त्यांच्यापैकी कोणाला आरक्षणाच्या जागेसाठी जातीचा दाखला लागला की अडचण सुरू होते. जातीचा दर्जा राज्यापुरता असतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो आपोआप बरोबर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात सांगितले. लग्नाने तो बदलत नाही. वडिलांचे मूळ राज्य पाहिले जाते. त्यामुळे वीस मैलांवरून आलेली सून इथल्या भरतीत राखीव जागेवर बसू शकत नाही. कायदा बदलणे आमच्या हातात नाही. पण अशी किती घरे आहेत हे मोजलेले तरी असावे. हिंदी फॉर्ममध्ये तिच्यापुढे एवढेच आले होते : ‘जाति प्रमाणपत्र, है या नहीं’.

आमच्या बाजूने कायद्यात काही आहे की नाही? आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यघटनेचे ३५० अ हे कलम सांगते. ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त असतो. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले की जिल्ह्यात किंवा तालुक्यासारख्या लहान भागात १५ टक्के वा जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही काढाव्यात. पूर्वी आमचे दोन तालुके छिंदवाड्याच्या विस्तीर्ण जिल्ह्याच्या आकड्यांत बुडून जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, पण २०११ ची जनगणना त्याच्या आधीची. जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. नव्या जिल्ह्याची स्वतःची मोजणी होण्याची ही पहिली वेळ. प्रगणक दारात येईल आणि मातृभाषा विचारील, तेव्हा घाईत ‘हिंदीच लिहा’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. या रकान्यात मात्र शब्द आपणच भरायचा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही फॉर्म फाडून नव्याने लिहिला. ‘आवश्यकता’ हा शब्दच काढला. आता आम्ही विचारतो : मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा कुठे गेलात, कशाने गेलात, पैसे कुठून आणले? कचेरीतून शेवटचा कागद आला तो कोणी वाचून दाखवला? कोणत्या कामासाठी दोनदा जाऊन परत यावे लागले? एका घराला अर्धा तास लागतो, दिवसाला मोजकीच घरे होतात. चालेल.

दुसऱ्या फेरीत गावाच्या टोकाला एक गोंडाचे घर होते. आम्ही मोठ्या उत्साहाने आमचे मराठी प्रश्न विचारले. घरची बाई उंबरठ्यात उभी राहून प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत गेली. आमच्यातल्या त्या तरुण गुरुजींनी आमच्याकडे पाहिले आणि पेन खिशात ठेवला. त्या घराचा कागद आम्ही कोरा ठेवला आहे. गोंडी बोलणारी बारावीतली एक मुलगी आमच्याबरोबर यायला तयार झाली आहे, तिच्यासाठी प्रश्न तीच उतरवते आहे.

म्हातारीच्या नावाची दुरुस्ती आम्ही टाकली, पेन्शन अजून सुरू व्हायची आहे. पुढची फेरी पोळा आणि गोटमार आटोपल्यावर निघेल. आपल्या गावात यावे असे वाटणाऱ्यांनी जवळच्या शाळेतल्या गुरुजींकडे निरोप ठेवावा, आणि घरातली जुनी कागदपत्रे एका पिशवीत काढून ठेवावीत.