घर शहाणे करताना



हल्ली विज्ञान प्रदर्शनात मुले मोबाईलवर बोट ठेवून दिवा लावून दाखवतात. कौतुक झाले की लगेच विचारतात, "सर, आता यापुढे काय करू?" त्या 'यापुढे'विषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

पहिले आमची फजिती ऐका. पुतण्याच्या हौसेपायी आम्ही घरी एक स्मार्ट दिवा आणला. तो आवडला म्हणून आठवड्याभरात सगळे दिवे तसलेच केले. कोणी बटण बंद करू नये म्हणून बटणांवर चिकटपट्टी लावली. एका रात्री इंटरनेट बंद पडले. आमच्या आईला उठायचे होते. बटण पट्टीखाली, मोबाईल तिला चालवता येत नाही. अंधारात चाचपडत गेली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडले नाही, हे नशीब. सकाळी ती म्हणाली, "घर शहाणं झालं रे, पण मीच त्यात पाहुणी झाले." त्याच दिवशी आम्ही पट्ट्या काढल्या आणि नव्याने शिकायला बसलो.

पहिला धडा हा की भिंतीवरचे बटण नेहमी चालले पाहिजे. त्यासाठी दिवा बदलण्यापेक्षा बटणाच्या मागे बसणारा छोटा रिले घ्यावा. मग बटणही चालते आणि मोबाईलही.

दुसरा धडा, घरचा हुकूम घरातच फिरावा. पुष्कळ उपकरणांत आपला आदेश आधी कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो व तेथून दिव्याकडे परत येतो. इंटरनेट गेले किंवा कंपनीने ती सेवा बंद केली, की सगळे ठप्प. त्यावर उपाय म्हणजे रास्पबेरी पायसारख्या लहानशा संगणकावर 'होम असिस्टंट' चालवणे. २०१३ साली पाउलस स्काउटसेन यांनी सुरू केलेली ही प्रणाली मोफत असून तिचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो. मात्र इंटरनेटशिवाय चालणारी उपकरणे निवडूनच घ्यावी लागतात.

तिसरा धडा जाळ्याचा. प्रत्येक वस्तू वायफायवर घातली तर साध्या राउटरवर भार पडतो. 'झिग्बी' पद्धतीला वीज फार थोडी लागते आणि त्यातली उपकरणे एकमेकांचा निरोप पुढे पोचवतात. पण हे काम सहसा कायम विजेवर चालणारे प्लगच करतात, बॅटरीवरचे सेन्सर करीत नाहीत. म्हणून लांबच्या खोलीत सेन्सर लावण्यापूर्वी मधल्या खोलीत एक प्लग लावावा.

आता वाढवायचे काय? बाजारात काय मिळते ते पाहू नका, घरात कशाची अडचण आहे ते पाहा. आपल्या इंदुरात नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून, माळव्याच्या पठारावर चढवून आणतात. ते गच्चीवरच्या टाकीतून वाहून जाताना पाहवत नाही. तेव्हा टाकीत पातळी सांगणारा फ्लोट बसवा. पहिले महिनाभर त्याने फक्त घंटी वाजवावी. तो चुकत नाही अशी खात्री पटली की मगच मोटर बंद करण्याचे काम त्याला द्या. आधी सूचना, मग हुकूम, हा क्रम सोडू नका.

येथे एक कडक सूचना. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना ती कितीतरी पट जास्त करंट ओढते. लहान रिलेचे संपर्क अशा वेळी चिकटून बसतात व मोटर बंदच होत नाही. तेथे योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टरच हवा. मुलांनी प्रयोग ५ व्होल्टवर करावेत. २३० व्होल्टचे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

उपकरणासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या कुप्रसिद्ध प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. शिवाय एक वही ठेवा. कोणते उपकरण कोठे आहे, कोणत्या दिवशी लावले, बंद पडले तर काय करायचे, हे मराठीत लिहा. घरातल्या सर्वात वडील माणसाला ती वाचून कळली, तर काम पक्के झाले असे समजा.

आमच्या घरी आता आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत दोन मंद दिवे आहेत. रात्री तिने पाय खाली ठेवला की ते लागतात. ते न लागले तर हाताशी बटण आहे. हौस वर्षभर केली, पण आईच्या उपयोगी पडले ते एवढेच.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळेच्या टाकीवर घंटी बसवण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांना द्यावे. मोटरच्या तारा इलेक्ट्रिशियन पाहील, बाकीचे मुले करतील. आणि मुलांनो, पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा खरेदीची यादी नको. घरातल्या आजी-आजोबांना विचारून त्यांची एक अडचण लिहून आणा. तेथूनच सुरुवात करू.