अचानक कोणाला, घाई कोणाची?

शेजारशब्द : लेखांक ११

मागच्या लेखांकात भीतीचे इंग्रजी शब्द पाहिले. या आठवड्यात घाईचे घेऊ. इंग्रजी-मराठी कोशात सडन, हेस्टी, रॅश, इम्पल्सिव्ह, इम्पेच्युअस, प्रेसिपिटेट यांच्यापुढे थोड्याफार फरकाने ‘आकस्मिक’, ‘उतावळा’, ‘अविचारी’ हेच तीन अर्थ आलटून पालटून दिलेले असतात. परीक्षेपुरतं त्यावर भागतं. लिहायला बसलं की भागत नाही, कारण यातला प्रत्येक शब्द कोणावर तरी ठपका ठेवतो किंवा कोणाची तरी सुटका करतो. त्यामुळे तो नेमका कोणाला लागू पडतो, हे आधी ठरवावं लागतं.

सुरुवात पुण्यातूनच करू. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शिवाजी महाराज मोजकी माणसं घेऊन लाल महालात शिरले. शाहिस्तेखान बोटं गमावून जिवानिशी सुटला आणि पुढे औरंगजेबाने त्याची रवानगी बंगालवर केली. हा छापा इंग्रजीत ‘सडन’ म्हणता येईल, ‘स्विफ्ट’ही म्हणता येईल. ‘हेस्टी’ मात्र मुळीच म्हणता येणार नाही. रमजानचा महिना, रात्रीची वेळ, लाखभर फौजेच्या छावणीतून आत जायची आणि बाहेर पडायची वाट, सगळं आधी जोखलेलं होतं. अचानकपणा खानाच्या वाट्याला आला. महाराजांच्या बाजूला होती ती तयारी.

‘सडन’चं मर्म इथेच आहे. ज्याच्यावर गोष्ट येऊन आदळते, त्याला तिची चाहूल नव्हती, एवढंच हा शब्द सांगतो. करणाऱ्याने विचार केला होता की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. ‘स्विफ्ट’ फक्त वेग सांगतो आणि बहुधा कौतुकाने सांगतो. ‘हेस्टी’ करणाऱ्याच्या डोक्यात डोकावतो: निर्णयाला जेवढा वेळ द्यायला हवा होता, तेवढा दिला गेला नाही.

‘सडन’ आणि ‘हेस्टी’ एकाच घटनेत शेजारी शेजारी पाहायचे असतील तर १२ जुलै १९६१ आठवावा. त्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं. नदीकाठच्या पुणेकरांसाठी हा पूर ‘सडन’ होता. घरातलं काही उचलायलाही अनेकांना सवड मिळाली नाही. पण आदल्या रात्री बांधावर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांना तो ‘सडन’ कसा म्हणायचा? संकट त्यांना डोळ्यांसमोर वाढताना दिसत होतं. आणि काम पुरतं होण्याआधीच त्या पावसाळ्याचं पाणी धरणात अडवलं गेलं, या निर्णयाबद्दल लिहिताना इंग्रजी लेखक ‘हेस्टी’कडे वळेल. म्हणजे पूर सडन आणि निर्णय हेस्टी. ‘हेस्टी फ्लड’ असं कोणी लिहिलं तर ते हास्यास्पद ठरेल, कारण पाण्याला निर्णय घ्यायचा नसतो.

आता ‘रॅश’. हेस्टी माणसाने वेळ कमी दिलेला असतो, रॅश माणसाने धोका कमी मोजलेला असतो. तासभर विचार करूनही माणूस रॅश वागू शकतो. आपल्याकडे हा शब्द थेट कायद्यात आहे. भारतीय दंड संहितेत १८७० साली ३०४-अ हे कलम घातलं गेलं. ‘रॅश’ किंवा ‘नेग्लिजंट’ कृतीने झालेला मृत्यू हा त्याचा विषय. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १०६मध्ये आला आणि रस्त्यावरचं ‘रॅश ड्रायव्हिंग’ कलम २८१मध्ये. या दोन शब्दांमधली रेघ मद्रास उच्च न्यायालयाने १८७२ सालीच आखून दिली होती. आपल्या कृतीने अनर्थ होऊ शकतो हे ठाऊक असूनही ‘होणार नाही’ या भरवशावर पुढे जाणं म्हणजे रॅशनेस. अनर्थाचा विचार मनात यायला हवा होता, पण आलाच नाही, ही नेग्लिजन्स. सिग्नल लाल दिसत असताना ‘निघतोय वेळेत’ म्हणून दुचाकी घालणारा रॅश. मोबाइलमध्ये डोकं घातल्यामुळे ज्याला सिग्नल दिसलाच नाही, तो नेग्लिजंट. आणि परिणाम काय व्हायचा तो होवो, अशी बेपर्वाई असेल तर रोजच्या इंग्रजीत तिला ‘रेकलेस’ म्हणतात.

रॅशच्या शेजारी ‘इम्पेच्युअस’ राहतो. त्याच्यात आवेग असतो आणि स्वभावही येतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला सेनापती प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. बरोबर सहाच स्वार होते, असं परंपरा सांगते. उमराणीला त्यांनी याच खानाला सोडून दिलं होतं आणि त्याबद्दल महाराजांचा रोष ओढवून घेतला होता. तो सल मनात होता. या कृतीला ‘रॅश’ म्हणणारा इतिहासकार युद्धनीतीच्या बाजूने निकाल देतो: सेनापतीने असं करायचं नसतं. ‘इम्पेच्युअस’ म्हणणारा माणसाच्या बाजूने उभा राहतो. चूक तोही नाकारत नाही, पण तिच्यामागचं पेटलेलं मन त्याला दिसतं. ‘हेस्टी’ इथे फारच फिका पडेल.

‘इम्पल्सिव्ह’मध्ये पुन्हा वेगळंच काही आहे. इथे आतून एक ऊर्मी येते आणि हात हलतो. ही ऊर्मी चांगलीही असते: भर पावसात भिजणाऱ्या अनोळखी माणसाला आपली छत्री देऊन टाकणं इम्पल्सिव्ह आहे, पण त्याला रॅश कोणी म्हणणार नाही. लक्ष्मी रोडवर रुमाल घ्यायला जाऊन पैठणी घेऊन येणं हेही इम्पल्सिव्हच. त्याचा ‘रॅश’पणा महिनाअखेरीला कळतो.

‘प्रेसिपिटेट’ हा शब्द अवघड वाटतो, पण त्याचं मूळ कळलं की विसरत नाही. लॅटिनमधला अर्थ ‘डोकं खाली करून पडणं’. रसायनशास्त्रात द्रावणातून खाली बसणारा साका तो प्रेसिपिटेट. आभाळातून पडणारा पाऊस, गारा, बर्फ हे प्रेसिपिटेशन. सिंहगडाच्या द्रोणागिरीसारखा सरळसोट कडा तो ‘प्रेसिपिटस’. त्यामुळे ‘प्रेसिपिटेट डिसिजन’ म्हणजे कड्यावरून उडी घेतल्यासारखा, योग्य वेळ येण्याआधी घेतलेला आणि मागे फिरता न येणारा निर्णय. आपलं ‘तडकाफडकी’ त्याच्या बरंच जवळ जातं, कारण राजीनामा तडकाफडकी देतात, तेव्हा परतीचा दोर बहुधा कापलेला असतो.

‘अब्रप्ट’ म्हणजे मधेच तुटलेलं. चालू भाषण थांबतं, रस्ता संपतो, बोलणारा निरोप न घेता फोन ठेवतो. पुणेरी पाट्यांना काही जण अब्रप्ट म्हणतात, ते बरोबर नाही. पाटी ‘कर्ट’ असते: थोडक्यात, तुटक आणि किंचित उद्धट. अब्रप्ट व्हायला आधी काहीतरी सुरू असावं लागतं. पाटी मुळात संभाषण सुरूच करत नाही.

शेवटी पुन्हा ‘सडन’कडे, कारण न्यायालयात हा साधा शब्द माणसाची शिक्षा ठरवतो. खुनाच्या व्याख्येला ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ हा अपवाद आहे: चिथावणी गंभीर हवी आणि आकस्मिकही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींना पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या आपल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी घर सोडलं दीडच्या सुमारास. पत्नी-मुलांना सिनेमागृहात सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. त्यांच्या गोळ्यांनी आहुजा यांचा मृत्यू झाला चार वाजून वीस मिनिटांनी. २४ नोव्हेंबर १९६१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. आघात कितीही मोठा असो, मन ताब्यात यायला मधला वेळ पुरेसा होता, असा निष्कर्ष होता. आघात ‘ग्रेव्ह’ होता, पण कृती ‘सडन’ राहिली नव्हती.

म्हणून यापुढे घाईचा शब्द निवडताना तीन गोष्टी तपासा. चाहूल कोणाला नव्हती? विचाराला वेळ होता का, आणि तो दिला गेला का? धोका दिसत होता का? पहिल्याचं उत्तर ‘सडन’कडे नेतं, दुसऱ्याचं ‘हेस्टी’ आणि ‘प्रेसिपिटेट’कडे, तिसऱ्याचं ‘रॅश’ आणि ‘रेकलेस’कडे. आणि घाई करूनही काम चोख झालं असेल, तर ‘प्रॉम्प्ट’ लिहायला कंजुषी करू नका.

स्वाध्याय : पुढील तीन ठिकाणी कोणता शब्द घालाल? (१) न वाचता सही केलेला भाडेकरार. (२) घाटात वळणावर केलेलं ओव्हरटेक. (३) तक्रार आली त्याच दिवशी दुरुस्त झालेला नळ.

पुढील लेखांकात : दिरंगाईचे शब्द. डिले, डिफर, पोस्टपोन आणि प्रोक्रॅस्टिनेट.