रेनडियरमधला ‘रेन’ म्हणजे लगाम नव्हे!

डिसेंबरात आमच्या जयपूरच्या प्रताप नगरात सांताच्या गाडीला जुंपलेले कागदी रेनडियर लटकू लागले, की कुणीतरी हमखास सांगतं: ‘रेन’ म्हणजे लगाम, म्हणून हे नाव. पटण्यासारखं आहे, पण चूक! हा ‘रेन’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘ह्रेन्न’मधून आला आणि तेच त्या प्राण्याचं नाव. मुळाशी ‘शिंग’ असावं, असं भाषातज्ज्ञ मानतात. शोभतंही, कारण हरणांच्या कुळात माद्यांनाही सर्रास शिंगं येणारी ही एकच जात.

खरी गंमत ‘डियर’ची. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुठलंही जनावर, पुढे तो हरणापुरता आक्रसला. थेट आपल्या ‘मृग’सारखा! ऋग्वेदात हत्ती म्हणजे ‘मृग हस्तिन्’, हात असलेलं जनावर. सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, शिकार मृगया. हे सगळे त्या जुन्या अर्थाचे अवशेष.

आणि इथल्या झालाना जंगलातली नीलगाय? लोक तिला बिनदिक्कत हरीण म्हणतात. पण नात्याने ती हरणापेक्षा गाईलाच जवळची, म्हणजे नाव फारसं चुकलेलं नाही. विदर्भात ती रोही. तुमच्या गावाकडे तिला काय म्हणतात, जरूर सांगा.